वसतिगृहातली इंग्रजी शाळा

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या देवरी तालुक्यात बोरगाव बाजार येथे एकलव्य निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी, केंद्रीय अभ्यासक्रम, माध्यम इंग्रजी. घरात गोंडी, बाजारात मराठी आणि वर्गात इंग्रजी, असा इथल्या अनेक मुलांचा दिवस असतो.

आदिवासी मुलांसाठी एकलव्य शाळांची ही योजना १९९७-९८ मध्ये सुरू झाली. आता दिल्लीतील राष्ट्रीय संस्था तिचा कारभार पाहते आणि शिक्षकांची निवड देशपातळीवरील परीक्षेतून होते. गुणवत्तेसाठी ते योग्यच आहे. पण दूरच्या राज्यातून आलेल्या शिक्षकाला मुलाची बोली कळली नाही, तर सहावीतला गोंधळ दहावीपर्यंत मुक्काम करतो. म्हणून नव्या शिक्षकांना गोंडी आणि मराठीची तोंडओळख करून द्यायलाच हवी.

निवासी शाळेचा कस स्वयंपाकघर, दवाखाना आणि रात्रीच्या अभ्यासिकेतही लागतो. तिथे लक्ष ठेवायला पालक हवेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे २००९ मध्येच सांगितले आहे. शाळांनी बैठका बाजाराच्या दिवशी, लोकांच्या भाषेत घ्याव्यात. पालकांनो, त्या बैठकीला जा आणि प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.