आधी कान, मग पाय

पोराला कुठल्या क्लासला घालायचं, हा प्रश्न पूर्वी तबला की पेटी एवढ्यावर मिटत असे. आता आमच्या हिंगोलीतही तो 'रोबोटिक्स की आयओटी' इथवर येऊन पोचला आहे. आयओटी म्हणजे इंटरनेट ऑफ थिंग्ज. वस्तूंनी नेटवरून आपल्याशी बोलायचं. ज्या घरात माणसं बोलत नाहीत तिथं निदान वस्तू तरी बोलतील, म्हणून आमची ही खूश झाली. पण नातवाच्या बाबतीत घरच्यांचं मत पडलं रोबोटला. का? तर तो चालतो!

इथंच माझा विरोध सुरू होतो. हा रोबोट काळ्या पट्टीवरून चालतो. पालक टाळ्या वाजवतात आणि फी भरतात. अहो, आखलेल्या रेघेवरून मान खाली घालून मी कचेरीत तीस वर्षं चाललो. तेव्हा कुणी टाळी दिली नाही! 'रोबोट' हा शब्दच मुळी कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातला, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी.

उलट 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी दिलं १९९९ साली. परभणीतून फुटून आमचा जिल्हा झाला तोही १ मे १९९९ ला. पत्रिका आणखी कशी जुळायची?

रोबोटवाले म्हणतात, चुकला की रोबोट टेबलावरून पडतो, पोराला चूक दिसते. नेटवरच्या वस्तूचं बिघडलं तर कोड, तार की रेंज, कुणाला धरायचं? मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच पहिल्या महिन्यात नेट नकोच. कुंडीतला ओलावा मोजणारा एक सेन्सर, एक छोटा बोर्ड, एक दिवा. माती सुकली की दिवा लागावा. दिवा खोटं बोलला, तर पोरानं मातीत बोट घालून निकाल द्यावा. हे जमलं की मग तीच खबर फोनवर.

आमच्याकडे हे खेळणं नव्हे. वसमतकडची हळद आठ-नऊ महिने रानात असते, आणि शेतीची वीज कितीदा तरी रात्रीच्या पाळीत येते. बॅटरी घेऊन सापा-विंचवांतून मोटार चालू करायला जायचं कुणी? पोराच्या बापानंच. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी फोनवरून पंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' काढलं ते याच फेऱ्या वाचवायला. त्याला ना हात, ना पाय!

आणि औंढा नागनाथला बघा. तिथल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि दोन्ही जागच्या जागी! काम एकच, अवकाशातून येणारी गुरुत्वीय लहर टिपणं. ती कुठून आली हे एकट्यादुकट्या यंत्राला नेमकं सांगता येत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या दोन भावंडांशी ताळा घ्यावा लागतो. म्हणजे एवढं मोठं यंत्रही करणार काय, तर ऐकणार आणि इतरांना कळवणार.

रोबोटशी माझं वैर नाही. त्यालाही सेन्सर लागतातच. दुसऱ्या वर्षी खुशाल आणा. पण ज्यांना पहिल्याच वर्षी काहीतरी चालताना बघायचं आहे, त्यांनी संध्याकाळी पोरालाच फिरायला न्यावं. ते चालतं, वळतं, रेघ सोडूनही जातं. आणि चार्ज करायला अर्धी भाकरी पुरते.