तुरुंगाधिकाऱ्याची नोकरी

मुलगा तुरुंगखात्यात लागला हे सांगताना आमच्या नगरातील बाप अजून आवाज खाली आणतो. फौजदार या शब्दास जो मान आहे तो तुरुंगाधिकारी या शब्दास नाही. कारण उघड आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या आमच्या चौघा वीरांस 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फाशी दिले. तेव्हापासून तुरुंग म्हणजे परक्याची सत्ता, हे सोलापूरच्या मनात ठसले. पण परके गेले, तुरुंग राहिला. त्यातील बंदी आपलेच लोक आहेत. आणि 2022 च्या सरकारी गणनेप्रमाणे देशातील दर चार बंद्यांपैकी तिघांवरील आरोप अद्याप शाबीत झालेले नव्हते!

या नोकरीत दंडुक्याहून लेखणीचे काम मोठे, हे व्यापारी वाचकांस सहज पटेल. खातेवहीत एक दिवस चुकला तर व्याज फिरते व मागाहून दुरुस्त होते. माफीच्या दिवसांच्या हिशेबात एक दिवस चुकला, तर शिक्षा भोगून मोकळा झालेला मनुष्य एक दिवस बेकायदा कोंडून राहतो. तो दिवस त्यास कोण परत देणार? न्यायाधीश शिक्षा देतो ती स्वातंत्र्य हरण करण्याची. तीत शिवीगाळीची वा जात पाहून झाडू हाती देण्याची भर आतला अंमलदार घालतो. जातीवरून कामे वाटणारे तुरुंगांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी रद्द ठरविले. जन्मावरून माणसांस गुन्हेगार ठरविणारा कायदा 1952 पर्यंत चालू होता, आणि त्याखालील काटेरी तारांची वसाहत ज्या सोलापुरात होती, त्या सोलापुरास या निकालाचे मोल निराळे सांगावयास नको.

चांगला अधिकारी काय करू शकतो हे पाहण्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. सांगोल्याच्या शेजारी, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने 1939 साली स्वतंत्रपूर वसविले. भिंत नाही, बंदी कुटुंबासह राहून शेती करितात.

मात्र गुणी तरुण यावेत तर वर चढण्याची वाट मोकळी हवी. आज खात्याचे सर्वोच्च पद पोलीस सेवेतील अधिकाऱ्याकडे जाते. तुरुंगांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी, अशी शिफारस न्यायमूर्ती मुल्ला समितीने 1983 साली केली. ती सेवा अद्याप जन्मास आलेली नाही. आमच्या जिल्ह्यातील आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत विचारावा. आणि कायद्याची पदवी घेऊन वकिलीच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनी तोवर तुरुंगखात्याच्या भरतीची जाहिरात एकदा नीट वाचावी.