‘ताई, झोपल्या का?’ : वसतिगृहातल्या साथीची काळजी कोण घेणार?

गेल्या वर्षावासात विहारातल्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी एक माउली आमच्याजवळ आली. तिची मुलगी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. करते. नव्याने आलेल्या मुलींच्या मजल्यावर ‘साथी’ म्हणून राहशील का, असे तिला वसतिगृहाकडून विचारले होते. पगार नाही. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र. आई म्हणाली, “पोरीला शिकायला पाठवलं, तर दुसऱ्याच्या पोरी सांभाळायला लावतात म्हणे. हो म्हणू का नको म्हणू, तुम्हीच सांगा.”

तिला आम्हीच का आठवलो, तर आम्ही तिघींनी हे काम केलेले आहे. एक नर्सिंगची, एक समाजकार्याची, एक कायद्याची. वर्षे वेगळी, वसतिगृहे वेगळी, पण काम एकच. त्या दिवशी घाईत अर्धेच उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे देत आहोत, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी काम काय असते ते सांगतो. मोठ्या वर्गातली विद्यार्थिनी पहिल्या वर्षाच्या मुलींमध्ये खोली घेऊन राहते. ती रेक्टर नाही, पहारेकरीण नाही, डॉक्टरही नाही. मेसचा डबा कुठे मिळतो, परीक्षेचा फॉर्म कसा भरायचा, बँकेत कोणाला भेटायचे, हे दिवसाचे काम. खरे काम रात्री अकरानंतर सुरू होते. दार वाजते आणि आवाज येतो, “ताई, झोपल्या का?” हातात बादली असते किंवा चार्जर मागायचा असतो. आम्ही लवकरच शिकलो, की रात्री दीड वाजता कोणी बादलीसाठी येत नाही. तिला आत घ्यावे, बसवावे, पाणी द्यावे आणि गप्प राहावे. पाच मिनिटांनी खरे कारण बाहेर येते. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून तीन दिवस मेस बंद आहे. वर्गात इंग्रजी कळत नाही. खोलीतली मुलगी आडनाव विचारून गेली आणि तेव्हापासून बोलत नाही. घरी बाप दारू पितो आणि आई फोनवर रडते.

विद्यापीठात समुपदेशक असला तरी त्याची वेळ दहा ते पाच. आपल्या मुलांचे मन मात्र रात्री भरून येते. शिवाय घरात शिकणारी ही पहिलीच पिढी. आई उसाच्या फडात, बाप नाक्यावर कामाच्या शोधात. त्यांना काय सांगायचे, उगाच घोर लागेल, असे मूल ठरवते आणि गिळून टाकते. म्हणून त्याच मजल्यावर, त्याच नळावर पाणी भरणारे एक मोठे माणूस हवे. एवढ्यासाठीच आम्ही हे काम महत्त्वाचे मानतो.

शरीराच्या बाबतीतही तेच. आमच्यापैकी एकीच्या मजल्यावर विदर्भातली एक मुलगी होती. डिसेंबरच्या थंडीत तिचे हातपाय आणि कंबर असह्य दुखू लागले. शेजारच्या मुली म्हणाल्या, परीक्षा जवळ आली की हिची नाटके सुरू होतात. साथी नर्सिंगची होती म्हणून तिने विचारले, “तुला सिकलसेल आहे का?” मुलीने मान हलवली. तिने ते लपवले होते, कारण लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून घरच्यांनी कोणाला सांगू नको असे बजावले होते. सिकलसेलचा आजार विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात बराच आढळतो. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. ऊब द्यावी, भरपूर पाणी पाजावे, डॉक्टरांनी सांगितलेले औषध द्यावे. ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही असेल तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्यावे. त्या रात्री १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली. मुलगी आठ दिवसांनी परत आली आणि परीक्षेला बसली. साथी नसती तर ती नाटकेच ठरली असती.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही त्या आईशी अप्रामाणिक ठरू.

आमच्यापैकी एकीकडे एक मुलगी येऊन म्हणाली, “मला जगायचंच नाही. पण कोणाला सांगाल तर माझी शपथ.” साथीने शपथ पाळली. अकरा दिवस ती रोज रात्री त्या मुलीच्या दाराशी जाऊन श्वासाचा आवाज ऐकत उभी राहायची. तिची झोप गेली, जेवण गेले, त्या सत्रात तिचे दोन विषय राहिले. बाराव्या दिवशी तिने न राहवून रेक्टरबाईंना सांगितले, मुलीवर उपचार सुरू झाले. मुलगी आज नोकरी करते आहे. पण साथीला कोणी विचारले नाही, की बाई, तू कशी आहेस? शपथ पाळणे ही चूक होती, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. प्रशिक्षण म्हणून काय मिळाले होते, तर एक तासाचे भाषण आणि एक फाइल.

म्हणून आमचे मत असे: आपल्या मुलामुलींनी हे काम जरूर करावे, पण फुकट करू नये आणि एकट्याने करू नये.

फुकट म्हटले की आपल्याकडे लगेच त्यागाची भाषा येते. समाजकार्यात कसला मोबदला, असे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ज्या मुलीचा स्वतःचा हप्ता अडकला आहे, तिने रात्रीची झोप दान करावी, ही अपेक्षा न्यायाची नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हेच काम ‘रेसिडेंट असिस्टंट’ करतात. त्याबद्दल त्यांना बहुतेक ठिकाणी खोली मोफत मिळते, काही ठिकाणी जेवणही. तरी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या साथींनी २००२ साली मतदान करून कामगार संघटना केली. विद्यार्थी असलो तरी हे श्रम आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मजूर पक्ष काढणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना हे समजावून सांगायला नको.

तेव्हा होकार देण्यापूर्वी मुलीने पाच गोष्टी लेखी मागाव्यात. एक, खोलीचे भाडे आणि मेसचे बिल माफ. दोन, काम सुरू होण्याआधी निदान काही दिवसांचे खरे प्रशिक्षण, मानसोपचाराच्या जाणकाराकडून. तीन, एका मजल्यावर दोन साथी, म्हणजे आठवड्यातून काही रात्री निर्धास्त झोपता येईल आणि स्वतःच्या परीक्षेच्या काळात सुट्टी मिळेल. चार, रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर. पाच, साथीने हेरगिरी करायची नाही. कोण कधी आली, कोणाशी बोलते, याच्या चुगल्या करायला लावल्या तर दुसऱ्या दिवसापासून कोणी दार वाजवणार नाही.

हे मागणे अवाजवी नाही. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे आणि त्यात महाराष्ट्र पहिला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे, मदतीचे फोन क्रमांक वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावेत, असे त्यात सांगितले आहे. साथी नेमली म्हणून समुपदेशकाची जागा रिकामी ठेवता येत नाही. तसे कुठे होत असेल तर पालकांनी अर्ज करून विचारावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रोहित वेमुला गेला २०१६ मध्ये, डॉ. पायल तडवी गेली २०१९ मध्ये. दोघांच्या आया, राधिकाताई आणि आबेदाताई, २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी मागितली ती भेदभाव थांबवणारी यंत्रणा. आडनाव विचारून छळणाऱ्याला शिक्षा होत नसेल, तर छळ सोसणाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवून काय उपयोग? साथीकडे अशी मुलगी आली, तर आधी तिचे ऐकावे आणि मग तारीख-वारासह तक्रार लिहायला तिच्याबरोबर बसावे. तो जातीचा प्रश्न आहे, तिच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे.

आता थोडे आपल्या घरातले. मूल फोनवर रडले की आपण म्हणतो, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला काय झालं?” हेतू चांगला असतो. पण त्या वाक्याने मुलाचे तोंड बंद होते, हे आम्ही दाराच्या आत बसून पाहिले आहे. त्याला वाटते, मीच नालायक. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले. तिथे त्यांना नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला. ती मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे पैशांच्या अडचणीतही भथेना उपयोगी पडले. म्हणजे आपला महामानवही परदेशात एकटा नव्हता. आपल्या मुलांना बाबासाहेबांच्या कष्टांची गोष्ट जरूर सांगा, पण भथेनांचीही सांगा.

तथागतांच्या चरित्रातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला होता, बाकीचे जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, बिछान्यावर निजवले. मग त्यांनी संघाला समजावले, की इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? वसतिगृहातली स्थिती वेगळी नाही. त्या प्रसंगात आम्हाला एक गोष्ट विशेष वाटते. तथागतांनीही ते काम एकट्याने केले नाही, आनंदाला बरोबर घेतले.

साथी होणाऱ्या मुलामुलींसाठी थोडे कामाचे. कोणी जेवण सोडले, झोप सोडली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, “आता कोणाला त्रास होणार नाही” असे बोलू लागले, तर सरळ विचारा, “मरणाचे विचार मनात येतात का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. गुपिताची शपथ घेऊ नका. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, “तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावणार.” टेलिमानसचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. हाच क्रमांक साथीने स्वतःसाठीही वापरावा. त्यात कमीपणा नाही.

विहारांनाही एक विनंती आहे. आपल्या वस्तीतली कोणती मुले कोणत्या वसतिगृहात आहेत, याची यादी महिला मंडळाने करावी. महिन्यातून एकदा फोन करावा. अभ्यासाचे विचारण्याआधी “जेवलीस का, झोप लागते का” एवढे विचारावे. जिथे साथीचे मेस बिल माफ होत नाही, तिथे नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ते वर्षभर भरावे. एका धम्मदानात एका मजल्याची रात्र सुखरूप होईल.

आणि त्या माउलीला आमचे उत्तर: होय म्हणा. पण मुलीला सांगा, पाच गोष्टी कागदावर घे. आणि रविवारी संध्याकाळी तुम्हीच तिला फोन करून विचारा, “बाळा, तुझी झोप झाली का?” दिवसभर तिला सगळ्या ताई म्हणतात. आठवड्यातून एकदा तरी तिला कोणाचे लेकरू होऊ द्या.

जयभीम.