‘जुने रिव्हॉल्व्हर, एक नग’ एवढ्यावर सही करू नका

मंडळी, आज जरा वेगळा विषय. पण आपल्या सातारा जिल्ह्यात तो वाटतो त्यापेक्षा जास्त घरांचा आहे. फौजेतून निवृत्त झालेले आजोबा, लोखंडी कपाटात परवान्याचं पुस्तक आणि कापडात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर. आजोबा गेले की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं. कायदाच आहे तसा, आणि तो योग्यच आहे. माझं भांडण आहे ते जमा करताना मिळणाऱ्या कागदाशी.

आमच्या आळीतल्या एका काकूंना मिळालेल्या पावतीवर लिहिलं होतं : ‘जुने रिव्हॉल्व्हर, एक नग’. बस्स. कंपनी नाही, नंबर नाही, बोअर नाही, हालत कशी आहे ते नाही. नंतर एका दुकानदाराने सांगितलं, “आजकाल एवढ्या जुन्याला कोण विचारतो काकू, पाच हजार देतो, सोडवून टाका.” मी म्हटलं, काकू, परवान्याचं पुस्तक आणा आधी. त्यात स्वच्छ लिहिलेलं, वेबली अँड स्कॉट, .32 बोअर. आता ज्याला या धंद्यातलं थोडंही कळतं त्याला विचारा. खासगी माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात 1980 च्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे चालू हालतीतल्या विलायती .32 ला आपल्याकडे लाखांत मागणी असते. “कोण विचारतो” म्हणे!

आता उलट बाजूची थापही ऐकून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरतं की शंभर वर्षं जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे कोटीचा माल, आणि त्याला परवानाही लागत नाही. दोन्ही खोटं. शंभर वर्षांची अट आहे ती 1972 च्या पुरावशेष कायद्यात. त्यात बसणारी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकायला नेता येत नाही, म्हणजे लंडनच्या लिलावाचे आकडे बघून इथे हिशोब करण्यात अर्थ नाही. शस्त्र कायदा वेगळा, 1959 चा. त्याच्या कलम 45 मधली सूट कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. आजोबांचं तेल पाजून ठेवलेलं वेबली त्यात बसत नाही. शंभर वर्षांचं असलं तरी परवाना लागतोच.

मग वय आणि किंमत ठरते कशी? अंदाजपंचे नाही ठरत, हत्यारावर लिहिलेलं असतं ते वाचावं लागतं. नावापासून सुरुवात करा. ‘पी. वेबली अँड सन’ असं असेल तर 1897 च्या आधीचं, कारण त्या वर्षी वेबली आणि स्कॉट एकत्र आले. ‘रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ असं लांबलचक नाव असेल तर 1897 ते 1906 च्या दरम्यानचं. नुसतं ‘वेबली अँड स्कॉट लिमिटेड’ असेल तर त्यानंतरचं. मार्क सहा हे मॉडेल ब्रिटिश फौजेने 1915 मध्ये घेतलं, त्यामुळे “आमच्या पणजोबांनी बोअर युद्धात वापरलेलं मार्क सहा” असं कुणी सांगितलं तर चहा पिऊन घरी यावं. पेटंटचं साल हे बनवल्याचं साल नसतं, इथे भलेभले फसतात. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे शिक्के काळानुसार बदलत गेले, पण जुनं हत्यार पुन्हा चाचणीला गेलं की त्याच्यावर नवा शिक्का बसतो. बाणाची खूण म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल सरकारने रीतसर विकलेला. पट्टीवर आर्मी अँड नेव्ही स्टोअरचं नाव कोरलेलं असेल तर ते कुठल्या दुकानातून गेलं हेही कळतं. त्याच दुकानाची इमारत मुंबईत काळा घोड्याला अजून उभी आहे. आणि मूळ निळसर काळा रंग जाऊन कुणी चकचकीत निकेल चढवलं असेल, किंवा मूळ काडतूस मिळत नाही म्हणून सिलिंडर मागून घासलं असेल, तर संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच पडली.

आपल्या बाजारात मात्र भाव ठरतो चालतं का आणि काडतूस मिळतं का यावर. इतिहासाला त्यात शून्य मार्क. ज्याचं काडतूस मिळत नाही ते कितीही दुर्मीळ असो, दुकानदाराच्या लेखी भंगार. म्हणून ते बघायला दुकानदाराखेरीज कुणीतरी हवं, आणि तसं कुणीच नाही.

2019 च्या दुरुस्तीने तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली, वारसाहक्काने आलेली धरून. तिसरं जमा करावं लागलं. साहजिकच माणसं नवं ठेवतात आणि आजोबांचं देतात. कलम 21 प्रमाणे जमा केलेलं हत्यार मुदतीत योग्य परवानाधारकाला विकून पैसे घेण्याचा हक्क वारसाला आहे. मुदत टळली की जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा. हे जमा करताना किती जणांना सांगितलं जातं, ते तुम्हीच खाली लिहा.

“बंदुका कमी झालेल्याच बऱ्या” असं काही जण म्हणतील. मान्य. घ्या ना. पण धरणासाठी जमीन घेताना पंचनाम्यात आंब्याची झाडं मोजतात, विहीर लिहितात, गोठासुद्धा लिहितात. मग इथे ‘एक नग’?

नंबर लिहिण्याने काय होतं ते सांगतो. भगतसिंगांनी साँडर्सवर झाडलेलं .32 कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांमध्ये रंग फासून पडून होतं. 2016 मध्ये रंग खरवडला, खालून 168896 हा नंबर निघाला, आणि खटल्याच्या कागदात तोच होता. लाहोरच्या त्या कारकुनाने ‘जुने पिस्तूल, एक नग’ असं लिहिलं असतं तर?

जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागणी साधी आहे. जमा होणाऱ्या प्रत्येक हत्याराच्या पावतीवर कंपनी, बोअर, नंबर, शिक्के, हालत आणि दोन्ही बाजूंचे फोटो. कलम 21 ची मुदत आणि हक्क मराठीत त्याच पावतीच्या मागे छापा. आणि सरकारजमा करून नष्ट करण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या किंवा संग्रहालयाच्या माणसाने एकदा बघून सही करावी. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

तोवर ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी परवान्याच्या पुस्तकाची झेरॉक्स आजच काढून ठेवा. निवडणुकीत हत्यार जमा करतानाही नंबर लिहून पोच मागा. भरलेलं आहे की रिकामं हे माहीत नसेल तर हात लावू नका, परवानाधारकाला किंवा ठाण्यात कळवा. आणि कृपा करून इथे कमेंटमध्ये हत्याराचा फोटो, नंबर, पत्ता टाकू नका, चोरही फेसबुक वाचतात. आपल्या भागात फौजेतून आर्मरर म्हणून निवृत्त झालेले कुणी असतील आणि महिन्यातून एक दिवस लोकांना शिक्के वाचून द्यायला तयार असतील, तर मला मेसेज करा.