झाकण हरवले, यंत्र अडले

मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या प्रताप नगरात एका नातलगाकडे मुक्काम होता. घरापुढे दोन खाटा मावतील एवढी हिरवळ आणि ती कापायला पेट्रोलवर चालणारे यंत्र. यंत्राच्या टाकीचे झाकण हरवले होते. टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबलेला. घरमालक म्हणाले, "दोन दुकाने फिरलो. एक म्हणतो, कंपनीकडून मागवावे लागेल. दुसरा म्हणतो, भाऊ, टाकीच नवी घ्या." पंधरा दिवस हिरवळ वाढत राहिली. पाहुण्यांनी नाक मुरडले असेल, बाकी कोणाचे काही बिघडले नाही.

गावी परतलो तर धुऱ्यावर तोच बोळा पुन्हा दिसला. इथे तो ब्रश कटरच्या टाकीत होता आणि यंत्र एका पोराच्या अंगावर पट्ट्याने लटकलेले होते. पोरगा म्हणाला, "काका, झाकण पडलं कुठं तरी. पण काम तर थांबवता येत नाही." त्याचे खोटे नव्हते. पावसाने उघडीप दिली की चार दिवस मिळतात. त्या चार दिवसांत पऱ्हाटीतले तण निघाले नाही, तर पुढे खत टाका की औषध फवारा, माल तणच खाते.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, भाव, कर्ज आणि वीज सोडून अग्रलेखाला झाकणाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण निंदणाला माणूस मिळत नाही, बैलजोडी पोसणे परवडत नाही, म्हणून आपण यंत्र घेतले. पाठीवरचा पेट्रोल पंप घेतला, पॉवर वीडर घेतला. अनुदान मिळाले ते यंत्राच्या खरेदीला. झाकण हरवल्यावर मात्र आपण एकटेच. हत्ती गेला आणि शेपूट अडकले, अशी ही गत आहे.

आधी झाकणाचे काम समजून घेऊ. झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. इंजिन पेट्रोल ओढते तसतशी टाकीतली जागा रिकामी होते. त्या जागी हवा यावी लागते. नाही आली तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. म्हणून झाकणाला बहुतेक वेळा बारीक छिद्र असते. ब्रश कटरसारखे यंत्र तिरपे होते, त्यामुळे तिथे छिद्राऐवजी एकतर्फी पडदा असतो: हवा आत येते, पेट्रोल बाहेर जात नाही. काही यंत्रांत हवेची वाट झाकणात नसून टाकीच्या वेगळ्या नळीत असते.

इंजिन सुरू होते, दहा मिनिटे चालते आणि मरते. झाकण सैल केले की 'फुस्स' आवाज येतो आणि इंजिन परत चालते. असे झाले तर कार्बुरेटर उघडू नका. झाकणाची हवेची वाट धुळीने बंद झाली आहे. ती पेट्रोलने धुऊन फुंकून काढा. तार खुपसू नका, पडदा फाटतो.

आता बोळ्याचे. कापड पेट्रोल शोषते आणि दिव्याच्या वातीसारखे वर चढवते. यंत्र हलले की थेंब गळतात आणि जवळच तापलेला सायलेन्सर असतो. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि एका ठिणगीवर भडकते. पाठीवरच्या पंपात तर इंजिन आणि टाकी माणसाच्या पाठीशीच असतात. गळती सुरू झाली तर ती त्याला दिसतही नाही. अंगावर सुती सदरा, तोंडात बिडी. पुढचे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपली माणसे गेली. पाठीवरच्या यंत्राकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. औषधाच्या टाकीचे झाकणही याच नजरेने तपासा.

म्हणून पहिला नियम: झाकण नसेल तर यंत्र सुरू करायचे नाही. टाकी रिकामी करा, तोंडावर स्वच्छ फडके आणि त्यावर प्लास्टिक बांधा. हे केवळ ठेवलेल्या यंत्रात धूळ जाऊ नये म्हणून, चालवण्यासाठी नव्हे. झाकण तुटले असेल तर तुकडे टाकीत पडले का ते पाहा. पेट्रोल गाळून घ्या.

दुसरा नियम: अंदाजाने झाकण घ्यायचे नाही. जुने तुटके झाकण असेल तर तेच दुकानात न्या. नसेल तर इंजिनच्या पाटीवरचा मॉडेल नंबर लिहून न्या. टाकीच्या तोंडाला आटे बाहेरून आहेत की आतून, की पाव फेरा देऊन अडकणारे झाकण आहे, ते पाहा. तोंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागले की रुंदी निघते. जुन्या झाकणात छिद्र होते का ते आठवा. बिनछिद्राचे झाकण बसेल खरे, पण इंजिन पुन्हा दहा मिनिटांनी मरेल. वॉशर सायकलच्या ट्यूबचा कापून घालू नका. ते रबर पेट्रोलमध्ये फुगते. झाकण बसवल्यावर यंत्र तिरपे करून गळते का पाहा, मग पंधरा मिनिटे चालवून बघा. आणि जुने झाकण टाकीला साखळीने किंवा दोरीने बांधलेले असेल, तर नवेही बांधा. बहुतेक झाकणे फुटत नाहीत, पेट्रोल भरताना धुऱ्यावर विसरतात.

एवढे शेतकऱ्याने करायचे. पण सगळा भार त्याच्याच डोक्यावर का? हजारो रुपयांचे यंत्र विकणाऱ्याने त्याचे झाकण ठेवायला नको का? झाकणासाठी अख्खी टाकी घ्या म्हणणे ही सरळ सरळ अडवणूक आहे. ही कुरकुर आपलीच नाही. अमेरिकेत मोठमोठे ट्रॅक्टर बाळगणारे शेतकरीही दुरुस्तीच्या हक्कासाठी भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. सुटे भाग, हत्यारे आणि माहिती मालकाला द्यायची, असे त्यात बांधून दिले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या हक्काचे संकेतस्थळही निघाले. पण संकेतस्थळ निघाले म्हणून तालुक्याच्या दुकानात झाकण येत नाही. ते मागणाऱ्यांची रांग लागली तर येते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन कामे ठेवतो. एक, यंत्र घेताना झाकण, फिल्टर, स्टार्टरची दोरी असे भाग मिळतील, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. लेखी असले की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगात बोलायला आधार असतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही. दोन, प्रत्येक गावाने आपल्या यंत्रांची मॉडेल नंबरांसह यादी करावी. तीन, एका जातीची यंत्रे असलेल्या गावांनी मिळून मृगाच्या आधी डझनभर झाकणे एकदम आणावीत. एका झाकणासाठी दुकानदार हलत नाही, डझनासाठी हलतो.

येताना आपापल्या गावाची यादी सोबत आणा. आणि ज्याच्या यंत्रात आज बोळा आहे, त्याने तो आजच काढावा. निंदण दोन दिवस मागे पडले तर सोसता येईल. घरचा पोरगा भाजला तर ते कोणत्याच भावाने भरून निघणार नाही.