सोने, चांदी आणि प्रशस्तिपत्र

(द्वितीय वर्ष, कला)

'पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक कोणत्या चित्रपटाला मिळाले?' सामान्यज्ञान स्पर्धेत हा प्रश्न आला की सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही उत्तर येते, 'श्यामची आई!' आणि लगेच टाळ्या पडतात. टाळ्या पडाव्यात अशीच ती गोष्ट आहे. केंद्र सरकारने चित्रपटांसाठी राज्य पुरस्कार सुरू केले, १९५३ सालच्या चित्रपटांतून पहिली निवड झाली, आणि साऱ्या हिंदुस्थानातून मान मिळाला तो आचार्य अत्र्यांच्या मराठी चित्रपटाला. त्याच वर्षी माहितीपटांचे सुवर्णपदकही 'महाबळेश्वर' नावाच्या माहितीपटाला मिळाले, म्हणजे सोने दोन्हीकडून आपल्याच घरात आले. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या वर्षी सुवर्णपदक कोणाला मिळाले नाही? माझा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे, आणि प्राध्यापक महोदयांनी रागावू नये, मी त्याचे उत्तर थोडे आडवेच देणार आहे.

सुवर्णपदकाच्या खालोखाल गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र होते. ते मिळालेल्या चित्रपटांत एक होता बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. हाच चित्रपट सात महिने आधी दुसऱ्या एका समारंभात पहिला आला होता. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात 'फिल्मफेअर' या इंग्रजी नियतकालिकाने आपले पहिले पारितोषिक वितरण केले. विभाग अवघे पाच होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'दो बिघा जमीन', दिग्दर्शक बिमल रॉय, नट दिलीपकुमार, नटी मीनाकुमारी, संगीतकार नौशाद. निवड वाचकांच्या मतांवर होती. मला या गोष्टीची गंमत वाटते. इंग्रजी पाक्षिक विकत घेऊन वाचणारा, मेट्रोत जाऊन बसणारा वर्ग, म्हणजे रिक्षात बसणारा वर्ग. त्याने मत दिले ते रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या चित्रपटाला. सरकारचे कौतुक मात्र त्याच्या बाबतीत प्रशस्तिपत्रावर थांबले.

ही सरकारी पारितोषिके आली कोठून, हेही सांगण्यासारखे आहे. १९४९ साली सरकारने चित्रपट चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते स. का. पाटील. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला, आणि चांगल्या चित्रपटांना सरकारने उत्तेजन द्यावे ही कल्पना त्यातून पुढे आली. म्हणजे अत्र्यांच्या गळ्यात पडलेल्या सुवर्णपदकाचे बीज स. का. पाटलांच्या अहवालात होते. पुढे दोनच वर्षांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी 'मराठा' काढला आणि त्याच पाटलांवर कसे आसूड ओढले ते आपण सर्वांनी वाचलेच आहे! असो. सांगायचा मुद्दा असा की, जे चित्रपट कलेच्या आणि तंत्राच्या दृष्टीने उंच असतील, शिवाय ज्यांना शैक्षणिक आणि सांस्कृतिक मोल असेल, त्यांचा गौरव करावा असा या पारितोषिकांचा हेतू होता. करमणूक कर वसूल करणारे सरकार एकाएकी मास्तरांच्या खुर्चीत बसले. मास्तरांना 'श्यामची आई' आवडली यात नवल काय?

मी 'श्यामची आई' चित्रपट पाहिला आहे. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम पाहून मीही रडले आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले ते पुस्तक माझ्या घरात आलेले पहिले पुस्तक होते, शाळेत बक्षीस म्हणून मिळालेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही. आजीने शाळा पाहिली ती बाहेरून. म्हणून त्या पुस्तकाला हळदकुंकू लावून ठेवलेले मला आठवते. तेव्हा 'श्यामची आई'विषयी अनादराने बोलावे अशी माझी जीभ नाही. परंतु आपण त्या चित्रपटातून लक्षात काय ठेवले? संस्कार. आईची शिकवण, शिस्त आणि माया. आणि त्या घरावर जो कर्जाचा डोंगर होता, सावकाराचा माणूस दारात येऊन जे बोलून गेला, घरावर जी जप्ती आली, ते सारे आपण पार्श्वभूमी म्हणून सोडून दिले. वास्तविक १९५३ सालचे हे दोन्ही चित्रपट कर्जाचे चित्रपट आहेत. एकात कर्जापायी घर जाते, दुसऱ्यात जमीन. एकाला आपण मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र म्हटले आणि दुसऱ्याला विसरलो.

दोहोंत फरक आहे, आणि तो मला बोचतो. श्यामचे घर पालगडच्या खोताचे. पडलेले, खचलेले, तरी खोताचे. आमच्या बाजूचे लोक खोताच्या कागदावर दुसऱ्या रकान्यात असत. आमच्या या जिल्ह्यातच, तो कुलाबा जिल्हा होता तेव्हा, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेते पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला. साने गुरुजींचे मन शेतकऱ्यांकडे होते, हे सर्वश्रुत आहे. पण श्यामच्या अंगणातून जग जसे दिसते तसे ते कुळाच्या पडवीतून दिसत नाही. कुळाच्या पडवीतून दिसणारे जग 'दो बिघा जमीन'मध्ये आहे.

शंभू महातो हा त्यातला शेतकरी. गावच्या जमीनदाराला कारखान्यासाठी त्याची जमीन हवी. शंभू नाही म्हणतो. मग कर्जाचा हिशेब निघतो, पासष्ट रुपयांचे दोनशे पस्तीस होतात, कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते, आणि शंभू कलकत्त्यास जाऊन माणसाने ओढायची रिक्षा ओढू लागतो. बलराज सहानींनी ती खरोखर ओढली आहे असे वाटते. शेवटी पैसे जमत नाहीत, जमीन लिलावात जाते, तिच्यावर कारखाना उभा राहतो. कुंपणापाशी येऊन शंभू मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. दोन बिघे म्हणजे किती? बंगालचा बिघा धरला तर आपल्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस गुंठे.

आमची तीस गुंठे होती. कुळकायद्याने, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, पणजोबांच्या नावावर लागलेली. दोन पिढ्या भात पिकले. मग मुंबईची गिऱ्हाइके कर्जत-खालापूरच्या बाजूला फार्महाऊस शोधत येऊ लागली, दलाल घरी चहाला येऊ लागले, लग्ने निघाली, दवाखाने निघाले, आणि सातबाऱ्यावरून आमचे नाव गेले. आमच्यावर कोणी जप्ती आणली नाही, कोणी लाठी उगारली नाही. व्यवहार रीतसर झाला. त्या जागेवर आता भिंत आहे आणि आत हिरवळ आहे. कडावपासून कोणत्याही रस्त्याने निघा, अशा भिंती मोजता मोजता एस.टी. कर्जतला पोचते. मी मोबाइलवर 'दो बिघा जमीन' लावला तेव्हा आजी शेजारी बसली होती. तिला हिंदी नीट समजत नाही. मातीच्या मुठीचा प्रसंग आला तशी ती म्हणाली, "याचा तं आपल्यासारकाच झाला गो." 'श्यामची आई' पाहून ती हळहळली होती, परंतु 'आपल्यासारकाच' असे म्हणाली नव्हती.

म्हणून मी लिहिते, आणि मराठी वाङ्मय मंडळाची सभासद असून लिहिते, की मी परीक्षक असते तर १९५३ चे सुवर्णपदक 'दो बिघा जमीन'ला दिले असते. एका प्राध्यापकांनी हे ऐकून मला विचारले, "मराठीचा मान तू बंगाल्याच्या हाती देणार?" सर, मान मराठीचा की शेतकऱ्याचा, असा प्रश्न आला तर काय करायचे? शंभू हिंदी बोलतो म्हणून तो परका, आणि आमच्या भिंतीआड राहणारे मराठी बोलतात म्हणून ते आपले, असे काही मला म्हणता येत नाही. पारितोषिकाचा अभिमान भाषेपुरताच ठेवला तर त्यात कोणाचे दुःख मोजले गेले याची चौकशीच उरत नाही. चित्रपट १९५४ साली कान महोत्सवातही गौरवला गेला. तिथल्या परीक्षकांना ना बंगालीचे प्रेम ना मराठीचा राग.

आता चांदीविषयी. दुसऱ्या वर्षापासून प्रादेशिक भाषांतील चित्रपटांसाठी राष्ट्रपतींचे रौप्यपदक सुरू झाले. १९५४ च्या चित्रपटांतून सोने 'मिर्झा गालिब'ला गेले आणि मराठीचे रौप्यपदक मिळाले 'महात्मा फुले' या चित्रपटाला. दिग्दर्शक पुन्हा आचार्य अत्रेच. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, चित्रपटात प्रत्यक्ष गाडगेबाबा दिसतात. एवढे सगळे असून सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत त्यावर प्रश्न येत नाही. ज्या माणसामुळे माझ्यासारखी मुलगी या कॉलेजच्या वर्गात बाकावर बसते, त्याच्यावरचा चित्रपट आपल्या लक्षात नाही आणि त्याच अत्र्यांचा आधीच्या वर्षीचा चित्रपट पाठ आहे. सोने आणि चांदी यांच्या भावात फरक असतो हे मान्य, पण इतका?

या पारितोषिकांत आणखी एक उणीव होती, ती थोडक्यात सांगते. सरकारी पदक चित्रपटाला असे, म्हणजे निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला. वनमालाबाईंना त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. नट-नटी, गायक, छायालेखक यांच्यासाठी राष्ट्रीय पारितोषिके आली ती १९६७ च्या चित्रपटांपासून. उलट 'फिल्मफेअर'ने नट-नटींना पहिल्या वर्षापासून मान दिला, पण पडद्यामागच्या हातांचा विचार पहिल्या पाच विभागांत तिथेही नव्हता. आणि ती काळी बाहुली घडवली कोणी? ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराने, ज्यांनी मुंबईच्या न्यू इंडिया अ‍ॅशुरन्सच्या इमारतीवर कष्टकऱ्यांची उठावशिल्पे कोरली. बाहुली हाती घेऊन छायाचित्र काढणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

आमच्या भागातल्या लोकांना हे पडद्यामागचे काम ठाऊक आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. त्यांना कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळाला, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे त्याच स्टुडिओत दुःखद निधन झाले. चित्रीकरणाच्या निमित्ताने आमच्या गावांतले सुतार, रंगारी आणि प्लास्टरचे काम करणारे अनेक हात राजवाडे उभारून आले आणि चित्रीकरण संपले की ते राजवाडे पाडूनही आले. माझे एक काका त्यांत होते. चित्रपट पाहताना ते नट कोण हे सांगत नाहीत. "हा खांब पोकळ आहे," एवढेच सांगतात.

'श्यामची आई'नंतर मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान पुन्हा मिळायला २००३ सालचा 'श्वास' यावा लागला. त्यात एक आजोबा कोकणातून नातवाला घेऊन मुंबईच्या इस्पितळात येतो. पन्नास वर्षांनी का होईना, गावचा माणूस शहरात येऊन भांबावलेला परीक्षकांना दिसला. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' आले. यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी बोलत नाही.

माझी मागणी लहान आहे. यंदा वाङ्मय मंडळाने तीन चित्रपट दाखवावेत, 'श्यामची आई', 'महात्मा फुले' आणि 'दो बिघा जमीन', आणि नंतर सर्वांनी आपापले सुवर्णपदक चिठ्ठीवर लिहून द्यावे. तसा अर्ज मी दिला आहे. प्रोजेक्टर भूगोल विभागात आहे, पांढरी भिंत आहे. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, ही एक अडचण सांगण्यात आली. त्यावर उपाय असा की जुलैतला एखादा दिवस धरावा. आमच्याकडे जुलैत दुपारी बारालाही दिवे लावावे लागतात.