विद्यापीठ ग्रंथालय आणि गावोगावची वाचनालये यांच्या जोडणीबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांशी व वाचकांशी जोडण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतात असा कायदा त्याआधी झालेला नव्हता. मद्रासचा कायदा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो कायदा इतिहासजमा झाला. पण ज्या वाचनसंस्कृतीतून तो जन्मला, ती आजही या भागात उभी आहे. कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, सातारा नगरवाचनालय १८५२ पासून, सांगली नगर वाचनालय १८६९ पासून, तर इचलकरंजीचे आपटे वाचन मंदिर १८७० पासून. विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. म्हणजे विद्यापीठ आले तेव्हा या तीन जिल्ह्यांत शतकभर वाचणारा समाज आधीच होता. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांची वसतिगृहे आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही शिकवण यांचा वारसा सांगणारे हे विद्यापीठ पहिल्यापासून ग्रामीण विद्यार्थ्यांचे मानले गेले.

विद्यापीठाचे ग्रंथालय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खाली येते, तर गावोगावची वाचनालये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली. पहिल्याची जबाबदारी विद्यापीठाची, दुसऱ्याची ग्रंथालय संचालनालय व जिल्हा ग्रंथालय अधिकारी यांची. दोन्हींचे खाते मात्र एकच, ते म्हणजे उच्च व तंत्रशिक्षण. दोन वेगळ्या वाटांनी चालणाऱ्या या व्यवस्था एकाच मंत्र्यांच्या आदेशाने एकमेकींना जोडता येतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. म्हणूनच हे निवेदन थेट आपल्याकडे सादर करण्यात येत आहे.

ग्रंथालयाचा उपयोग फक्त परीक्षार्थी व संशोधक यांनाच होतो, ही समजूत या भागाला लागू पडत नाही. गावचा इतिहास लिहिणारे निवृत्त शिक्षक, ऊस आणि द्राक्षांवरील रोगांची शास्त्रीय माहिती शोधणारे शेतकरी, जुन्या खटल्यांचे संदर्भ हवे असणारे तालुक्याचे वकील, नाटकाच्या जुन्या संहिता धुंडाळणारी हौशी मंडळी, बचतगटाचे हिशेब शिकू पाहणाऱ्या महिला हे सगळे विद्यापीठाच्या हद्दीतलेच लोक आहेत. त्यांच्याकडे विद्यापीठाचे ओळखपत्र नसते. त्यांना हवे असलेले पुस्तक मात्र पुष्कळदा विद्यापीठातच असते, कारण सर्वात खालच्या ‘ड’ वर्गातील गावच्या वाचनालयाला संदर्भग्रंथ विकत घेणे परवडत नाही.

यावरून पहिली मागणी अशी, की तिन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक प्रौढ रहिवाशाला विद्यापीठ ग्रंथालयात बसून वाचण्याचा हक्क नियमाने द्यावा. विद्यार्थी नसलेल्या वाचकाला मिळणारा प्रवेश कोणाच्या मेहेरबानीवर किंवा तोंडओळखीवर अवलंबून नसावा. रहिवासाचा पुरावा आणि आपल्या गावच्या शासनमान्य ग्रंथालयाचे शिफारसपत्र एवढ्यावर वाचकपत्र मिळावे आणि अनामत रक्कम मजुराला भरता येईल इतकी कमी ठेवावी.

पुस्तक घरी नेण्याची सोय याहून महत्त्वाची आहे. चंदगड कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या वाचकाने एका पुस्तकासाठी दोनदा एवढा प्रवास करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याऐवजी पुस्तकाने प्रवास करावा. वाचकाने आपल्या वाचनालयात मागणीचिठ्ठी भरावी, ग्रंथपालाने ती विद्यापीठाच्या देवघेव विभागाकडे पाठवावी, पुस्तक एसटीच्या पार्सलने तालुक्याला यावे आणि वाचनालयाच्या दाखल्यावर वाचकाला मिळावे. पुस्तक हरवले तर जबाबदारी वाचनालयाची, म्हणजे विद्यापीठाला हजारो अनोळखी वाचकांच्या मागे लागावे लागणार नाही. दुर्मीळ ग्रंथ, कोश आणि हस्तलिखिते यातून अर्थातच वगळावीत. आंतरग्रंथालयीन देवघेव ही ग्रंथपालांना नवी गोष्ट नाही. विद्यापीठे आपसांत ती करतातच. तीच सोय गावच्या वाचनालयापर्यंत नेणे एवढेच येथे मागितले आहे. निपाणी व बेळगाव भागातील मराठी वाचकांचाही यात समावेश व्हावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे, आणि चंदगडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळचे आहे.

देवघेव सुरू होण्याआधी कोणते पुस्तक कोठे आहे हे कळले पाहिजे. शंभर-दीडशे वर्षांच्या वाचनालयांतील कित्येक ग्रंथांची नोंद आजही शाईने लिहिलेल्या दाखल नोंदवहीतच सापडते. त्या वहीत दाखल क्रमांक, लेखक, किंमत आणि कधी कधी देणगीदाराचे नाव असते. वही फाटली की पुस्तक कपाटात असूनही नाहीसे होते. विद्यापीठाच्या पुढाकाराने तिन्ही जिल्ह्यांची एकच संयुक्त सूची तयार व्हावी. ‘कोहा’सारखी ग्रंथालय संगणकप्रणाली मोफत उपलब्ध आहे, त्यामुळे यातला खर्च मुख्यतः माणसांच्या श्रमाचा आहे. विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात मानधनावर हे काम देता येईल. मराठी पुस्तकाची नोंद देवनागरीतच व्हावी, हा आग्रह येथे मुद्दाम नोंदवला आहे. एकाच लेखकाचे नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिले गेले, तर शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पुराचा प्रश्न या निवेदनातील सर्वात तातडीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर आणि सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी अनुक्रमे ४३ आणि ४५ फूट आहे. सांगली नगर वाचनालयातील ग्रंथसंपदेचे त्या पुरात अतोनात नुकसान झाले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. नदीकाठच्या जुन्या पेठांत वसलेल्या वाचनालयांना हा धोका कायमचा आहे, तर विद्यापीठ उंचावर, सागरमाळावर आहे.

भिजलेले पुस्तक वाचवण्याची मुदत फार थोडी असते. दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना अशी चिकटतात, की वाळल्यावर सोडवू गेले तर छपाई सोलून निघते. घाईघाईने उन्हात टाकलेल्या पुस्तकाची बांधणी वाकते आणि कागद कडक होतो. पुस्तक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये शाई टिपणारा कागद घालून आणि तो वारंवार बदलून वाळवावे लागते. एकाच वेळी हजारो पुस्तके भिजली तर ती गोठवून ठेवतात. त्यामुळे बुरशी थांबते आणि पुढे सवडीने एकेक पुस्तक हाताळता येते. गावच्या ग्रंथपालाकडे ना शीतगृह असते, ना मनुष्यबळ, ना प्रशिक्षण. तो ओल्या पुस्तकांच्या ढिगापुढे उभा राहतो आणि अखेर ती रद्दीत जातात. यासाठी विद्यापीठ ग्रंथालयात कायमस्वरूपी ग्रंथसंवर्धन कक्ष स्थापन करावा. या भागात शीतगृहांची वाण नाही. त्यांच्याशी आपत्काळापुरता करार आधीच करून ठेवावा. दरवर्षी मे महिन्यात पूररेषेतील प्रत्येक वाचनालयाच्या ग्रंथपालाला दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि पाण्याची पातळी इशारापातळीला पोहोचताच दुर्मीळ ग्रंथ सागरमाळावर हलवण्याची योजना जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लेखी समाविष्ट करावी. माणसे आणि जनावरे आधी हलवली जातील, हे उघड आहे. पुस्तकांचे नियोजन म्हणूनच पूर येण्याआधी झाले पाहिजे.

पुरात जसे ग्रंथ जातात तसे घरांतले सुटे कागदही जातात, आणि त्यांची तर कोठे नोंदही नसते. कोल्हापूर हे चित्रपटाचे, कुस्तीचे आणि सहकाराचे गाव. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथलीच. ‘प्रभात’ची स्थापनाही १९२९ मध्ये येथेच झाली, पुढे १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. खासबाग मैदानातील कुस्त्यांची हँडबिले, चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, तमाशा मंडळांची जाहिरातपत्रके, साखर कारखान्यांचे व पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, तालमींच्या वर्गणीच्या वह्या आणि बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक असे साहित्य घराघरांतून माळ्यावर पडून आहे. कुस्तीच्या एका हँडबिलावर मल्लांची नावे, त्यांची गावे, इनामाची रक्कम, तिकिटाचा दर आणि छापखान्याचे नाव असते. एका कागदात तेवढ्या दिवसापुरते सारे शहर सापडते. विकत घेतलेली पुस्तके देशातील दुसऱ्या विद्यापीठांतही मिळतील, हे कागद फक्त येथेच मिळतील. विद्यापीठात वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालय आहे. एका साहित्यिकाचा वारसा आपुलकीने जतन होऊ शकतो हे त्यातून दिसते. त्याच आस्थेने ‘स्थानिक दस्तऐवज विभाग’ सुरू करावा. घरमालकाला मूळ कागद द्यायचा नसेल तर त्याची प्रतिमा घेऊन कागद परत करावा, आणि देणाऱ्याचे नाव नोंदीत कायम राहावे. प्रताधिकाराची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असते. ती संपलेले साहित्य सर्वांना संगणकावर विनामूल्य खुले असावे.

ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्यांसाठी विद्यापीठाच्या अभ्यासिकेच्या वेळा एसटी व केएमटीच्या वेळांशी जुळाव्यात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींना संध्याकाळी सातनंतर परतीची गाडी नसेल, तर रात्री दहापर्यंत उघड्या असलेल्या अभ्यासिकेचा त्यांना उपयोग नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने पुस्तकांचे सुलभ रूपांतर करण्याची मुभा दिली आहे. त्या आधारे मराठी ध्वनिपुस्तके व ब्रेल प्रती तयार करून त्या गावच्या वाचनालयांमार्फत पोहोचवाव्यात.

ही सारी कामे माणसे करणार आहेत. विद्यापीठ व महाविद्यालयीन ग्रंथालयांतील मंजूर पदे वेळेवर भरली जावीत. गावच्या ग्रंथपालांचे मानधन त्यांच्या कामाला साजेसे असावे आणि त्यांना विद्यापीठाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम विनाशुल्क करता यावेत. देवघेवीचा भार त्यांच्यावर टाकून त्याचा मोबदला न देणे अन्यायाचे होईल. विद्यापीठालाही या कामासाठी स्वतंत्र अनुदान मिळावे. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून समाजाची सोय करायला सांगणे योग्य नाही.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेव्हा ग्रामस्थांनी आपल्या घरांतील खोल्या अनोळखी वाचकांसाठी उघडल्या. शासनाने पुस्तके आणि कपाटे दिली, गावाने जागा आणि आदरातिथ्य दिले. याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे घडलेले असल्यामुळे, शासन आणि लोक मिळून ग्रंथव्यवहार चालवू शकतात का, ही शंका घेण्याचे कारण उरत नाही.

अंमलबजावणीसाठी कुलगुरू, विद्यापीठ ग्रंथालयाचे म्हणजेच ज्ञानस्रोत केंद्राचे संचालक, आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाचे प्रतिनिधी, तिन्ही जिल्हा ग्रंथालय अधिकारी, सार्वजनिक ग्रंथालयांचे प्रतिनिधी आणि विद्यार्थी नसलेले किमान दोन वाचक यांची संयुक्त समिती शासन निर्णयाने नेमावी. समितीने सहा महिन्यांत आराखडा द्यावा. पूरसंरक्षणाचा भाग मात्र येत्या पावसाळ्यापूर्वी स्वतंत्रपणे अमलात आणावा. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो आणि विद्यापीठाचा वर्धापनदिन त्याच सप्ताहात येतो. त्या दिवशी विद्यार्थी नसलेल्या वाचकाला पहिले वाचकपत्र देऊन योजनेचा आरंभ करावा आणि पुढे इतर विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांतही ती लागू करावी.

वरील मागण्यांवर विचार करून संबंधित विभागांची बैठक बोलवावी आणि झालेला निर्णय निवेदनकर्त्यांना लेखी कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील वाचक, ग्रंथपाल व विद्यार्थी

प्रत माहितीसाठी :
मा. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर, सांगली व सातारा